स्ट्रासबर्ग विद्यापीठाची चार शतके : एका बहुशाखीय संशोधन-परंपरेचा इतिहास

फ्रान्सच्या ईशान्य सीमेवर, ऱ्हाइन नदीच्या पश्चिम काठालगत वसलेल्या स्ट्रासबर्ग शहरातील विद्यापीठाला १६२१ साली पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२१ मध्ये त्या घटनेस चार शतके पूर्ण झाली. या काळात शहराचे राज्यकर्ते अनेकदा बदलले, विद्यापीठाचे नाव बदलले, अध्यापनाची भाषा कधी लॅटिन, कधी जर्मन, तर कधी फ्रेंच झाली. १८७१ ते १९४५ या पाऊणशे वर्षांतच आल्सास प्रांत फ्रान्सकडून जर्मनीकडे आणि जर्मनीकडून फ्रान्सकडे असा चार वेळा हस्तांतरित झाला. एवढ्या उलथापालथीत संशोधनाची परंपरा नुसती टिकली नाही, तर रसायनशास्त्रापासून इतिहासलेखनापर्यंत आणि गणितापासून प्राकृत भाषांच्या अभ्यासापर्यंत अनेक क्षेत्रांत तिने मूलभूत भर घातली. याचे मोठे श्रेय विविध विद्याशाखांना एकमेकींच्या शेजारी नांदवण्याच्या त्या रीतीला द्यावे लागते, जी इथल्या प्रत्येक पिढीने नव्याने उभी केली.

१५३८ ते १८७० : पाठशाळेपासून विद्यापीठापर्यंत

विद्यापीठाचे मूळ योहान स्टुर्म या मानवतावादी पंडिताने १५३८ मध्ये सुरू केलेल्या पाठशाळेत आहे. धर्मसुधारणेच्या चळवळीने भारलेल्या या स्वायत्त नगरीला सुशिक्षित धर्मोपदेशक आणि कारभारी हवे होते, आणि लॅटिन व ग्रीक भाषांचे इयत्तावार शिक्षण देणारी स्टुर्मची पद्धत युरोपभर नावाजली गेली. या पाठशाळेला १५६६ मध्ये सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याच्याकडून अकादमीचा आणि १६२१ मध्ये सम्राट दुसरा फर्डिनांड याच्याकडून विद्यापीठाचा दर्जा मिळाला. चौदाव्या लुईने १६८१ मध्ये शहर फ्रान्सला जोडल्यानंतरही विद्यापीठाचे ल्यूथरपंथी स्वरूप कायम राहिले. अठराव्या शतकात योहान डॅनियल शोफ्लिन या इतिहासकारामुळे राज्यशास्त्र आणि मुत्सद्देगिरी शिकण्यासाठी दूरदूरचे तरुण येथे येऊ लागले. गटेने कायद्याचा अभ्यास १७७०–७१ मध्ये येथेच पूर्ण केला.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात हे जुने विद्यापीठ बंद पडले, आणि एकोणिसाव्या शतकात त्याच्या जागी पॅरिसच्या केंद्रीय नियंत्रणाखालील सुट्या विद्याशाखा आल्या. निधी तुटपुंजा होता, प्रयोगशाळा नावापुरत्या होत्या, तरीही या काळातील दोन कामांची नोंद घेतलीच पाहिजे. पहिले लुई पाश्चर यांचे. ते १८४९ ते १८५४ या काळात येथे रसायनशास्त्राचे अध्यापन करत होते. काही पदार्थांची द्रावणे ध्रुवित प्रकाशाचे प्रतल, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशलहरींची पातळी, डावीकडे किंवा उजवीकडे वळवतात. एकाच आम्लाची डावी आणि उजवी अशी दोन रूपे परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असतात, हे पाश्चर यांनी पॅरिसमध्ये दाखवले होते. स्ट्रासबर्गमध्ये त्यांनी ते काम पुढे नेले आणि १८५३ मध्ये टार्टारिक आम्लापासून रेसेमिक आम्ल, म्हणजे दोन्ही रूपांचे समप्रमाणातील मिश्रण, तयार करून दाखवले. दुसरे काम फ्युस्तेल द कुलांज यांचे. प्राचीन ग्रीक आणि रोमन समाजाच्या संस्थांचे मूळ कुलधर्मात शोधणारा त्यांचा ‘ला सिते आंतिक’ हा ग्रंथ १८६४ मध्ये, ते येथे इतिहासाचे प्राध्यापक असताना, प्रसिद्ध झाला.

१८७० च्या फ्रँको-प्रशियन युद्धात शहराला वेढा पडला आणि २४ ऑगस्टच्या रात्री तोफगोळ्यांनी पेटलेल्या आगीत शहराचे ग्रंथालय बेचिराख झाले. बाराव्या शतकात हेराड या मठाधिपती स्त्रीने सिद्ध केलेला ‘होर्टुस डेलिकियारुम’ हा सचित्र ज्ञानकोशही त्या आगीत गेला. ही हानी कधीही भरून निघाली नाही.

१८७२ ते १९१८ : संशोधन-संस्थांचे युग

आल्सास जर्मन साम्राज्यात गेल्यावर १ मे १८७२ रोजी विद्यापीठाचे नव्याने उद्‌घाटन झाले. १८७७ पासून त्याला सम्राट विल्हेल्म याचे नाव देण्यात आले. जिंकलेल्या प्रांतात साम्राज्याचा लौकिक वाढवणे हा शासनाचा हेतू उघड होता, पण त्या हेतूपोटी जी रचना उभी राहिली ती विद्येच्या दृष्टीने फार मोलाची ठरली. प्रत्येक विषयासाठी स्वतंत्र संशोधन-संस्था, तिची स्वतःची इमारत, ग्रंथसंग्रह आणि प्रयोगशाळा, तसेच मानव्यविद्यांसाठी ‘सेमिनार’, म्हणजे विद्यार्थी आणि अध्यापक मूळ साधने समोर ठेवून एकत्र अभ्यास करतात असा वर्ग, ही पद्धत येथे एकाच वेळी आणि एकाच परिसरात अमलात आली. वेधशाळा, वनस्पती उद्यान, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या संस्था आणि १८८४ मध्ये खुला झालेला मुख्य प्रासाद हे सारे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, आणि आजही आहेत.

पहिले कुलगुरू आंटोन डी बारी हे बुरशीशास्त्राचे एक प्रवर्तक होते; दोन भिन्न जीवांच्या एकत्र जगण्याला त्यांनी ‘सिंबायोसिस’ म्हणजे सहजीवन ही संज्ञा दिली आणि तिचे विवेचन करणारी त्यांची पुस्तिका १८७९ मध्ये याच शहरात छापली गेली. फेलिक्स होप-झायलर यांनी शरीरातील रासायनिक क्रियांच्या अभ्यासाला वेगळ्या विषयाचे स्थान दिले आणि १८७७ मध्ये त्याला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. ओस्वाल्ट श्मीडेबेर्ग यांनी सुमारे साडेचार दशके औषधशास्त्राचे अध्यासन सांभाळले. औषधाचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगाने मोजण्याची शिस्त त्यांच्या शिष्यांनी येथून जगभर नेली.

या शेजाराचे फळ कसे येते, याचा उत्तम नमुना १८८९ सालच्या एका प्रयोगात दिसतो. स्वादुपिंडाचे पचनातील कार्य तपासताना योझेफ फॉन मेरिंग आणि ओस्कार मिंकोव्हस्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड पूर्णपणे काढले. त्यानंतर त्या प्राण्याला अतोनात तहान लागू लागली, मूत्राचे प्रमाण वाढले, आणि तपासणीत मूत्रात साखर आढळली. मधुमेहाचा स्वादुपिंडाशी थेट संबंध आहे, हे यातून प्रथमच प्रयोगाने सिद्ध झाले आणि पुढे १९२१ मध्ये कॅनडात झालेल्या इन्शुलिनच्या शोधाची वाट मोकळी झाली. वैद्यकाची रुग्णशाळा आणि जीवरसायनाची प्रयोगशाळा यांत दळणवळण नसते, तर हा प्रयोग कदाचित केवळ शस्त्रक्रियेतील एक कौशल्य म्हणून नोंदला गेला असता.

भौतिकशास्त्रात फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये ऋणाग्र किरणांची नळी तयार केली. विद्युत्प्रवाहातील चढउतार पडद्यावर प्रकाशरेषेने दाखवणारे हे उपकरण पुढे अनेक दशके दूरचित्रवाणी संचाचा गाभा राहिले; बिनतारी संदेशवहनातील कामासाठी ब्राउन यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मार्कोनी यांच्यासह मिळाले. क्ष-किरणांचे संशोधक रोंटगेन यांनीही तरुणपणी काही वर्षे येथे अध्यापन केले होते. गेओर्ग गेरलांट यांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय भूकंपशास्त्र परिषद स्ट्रासबर्गमध्ये भरली आणि जगभरच्या भूकंपनोंदी एकत्र करण्याचे मध्यवर्ती कार्यालय येथे आले. अर्थशास्त्रात गेओर्ग क्नाप यांचा चलनाचे मूल्य धातूत नसून राज्यसंस्थेच्या मान्यतेत आहे असे मांडणारा ग्रंथ १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यावरील चर्चा अद्याप चालू आहे.

मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे काम मात्र प्राच्यविद्येच्या सेमिनारमध्ये झाले. येथील प्राध्यापक झीगफ्रीट गोल्डश्मिट यांनी ‘सेतुबंध’ अथवा ‘रावणवहो’ या महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्याची चिकित्सक आवृत्ती जर्मन भाषांतरासह १८८० ते १८८४ या काळात सिद्ध केली. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्यातील प्रवरसेन याच्या नावावर असलेले हे काव्य, हस्तलिखितांची पाठचिकित्सा करून, म्हणजे निरनिराळ्या प्रतींतील पाठभेद ताडून आणि मूळ पाठ ठरवून, आधुनिक पद्धतीने प्रथम छापले गेले ते ऱ्हाइनच्या काठी. गोल्डश्मिट यांचे १८८४ मध्येच अकाली निधन झाले. त्याच वर्षी रुजू झालेल्या एर्न्स्ट लॉयमान यांनी जैन आगमांचा आणि त्यांवरील टीकासाहित्याचा अभ्यास हाती घेतला, जैन हस्तलिखिते मिळवून ती ग्रंथालयाच्या स्वाधीन केली आणि साडेतीन दशके हा विषय शिकवला. याच शहरातील ट्र्युबनर या प्रकाशनसंस्थेने मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पूर्वी अध्यापन केलेल्या गेओर्ग ब्यूलर यांच्या संपादनाखाली भारतविद्येचा एक बृहद्‌ग्रंथमालेचा प्रकल्प सुरू केला. त्याच मालेत रिशार्ट पिशेल यांचे प्राकृत भाषांचे व्याकरण १९०० मध्ये, आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा वैष्णव, शैव व इतर संप्रदायांवरील ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या धर्मेतिहासावरील लेखनात आजही ज्याचा हवाला दिला जातो त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर स्ट्रासबर्गचे नाव छापलेले आहे, ही बाब आपल्याकडे फारशी लक्षात घेतली जात नाही.

ग्रंथालयाची पुनर्बांधणी हेही याच काळाचे कर्तृत्व आहे. १८७० च्या आगीनंतर ग्रंथदानाचे जाहीर आवाहन झाले, देशोदेशींहून पुस्तके आली आणि १८९५ मध्ये भव्य नवी वास्तू उभी राहिली. तिच्या संग्रहातील पपायरस, म्हणजे इजिप्तमध्ये लेखनासाठी वापरल्या जाणाऱ्या लव्हाळ्याच्या पत्रांवरील लेख, यांचा साठा आज जगातील मोठ्या संग्रहांपैकी एक गणला जातो.

१९१९ ते १९२९ : शनिवारच्या बैठका

पहिल्या महायुद्धानंतर आल्सास फ्रान्सकडे परतला, जर्मन प्राध्यापकांना शहर सोडावे लागले आणि २२ नोव्हेंबर १९१९ रोजी राष्ट्राध्यक्ष प्वांकारे यांच्या उपस्थितीत फ्रेंच विद्यापीठाचा प्रारंभ झाला. नव्या अध्यापकांना आयत्या मिळालेल्या इमारती, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा त्या काळच्या फ्रान्समध्ये पॅरिसबाहेर इतरत्र नव्हत्या. मोडून टाकण्याऐवजी त्यांनी ती रचना आपलीशी केली, हा त्या पिढीचा मोठेपणा होय.

साहित्य विद्याशाखेत दर शनिवारी भरणाऱ्या बैठकींत इतिहासकार, भूगोलज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, भाषावैज्ञानिक आणि कायद्याचे अभ्यासक एकत्र बसत आणि नव्या ग्रंथांची चर्चा करत. मार्क ब्लॉक आणि ल्यूसियां फेव्र हे दोन इतिहासकार, सामूहिक स्मृतीची संकल्पना मांडणारे समाजशास्त्रज्ञ मोरीस आल्ब्वाक्स आणि मानसशास्त्रज्ञ शार्ल ब्लोंदेल हे एकाच मार्गिकेतील शेजारी होते. ब्लॉक यांचा १९२४ चा ग्रंथ, राजाच्या स्पर्शाने गंडमाळा बऱ्या होतात या मध्ययुगीन श्रद्धेचा शोध घेणारा, या शेजाराविना लिहिलाच गेला नसता. कारण त्यात राजकीय इतिहास, वैद्यक, लोकश्रद्धा आणि समाजमानस यांची गाठ घातलेली आहे. आल्ब्वाक्स यांचा ‘स्मृतीच्या सामाजिक चौकटी’ हा ग्रंथ १९२५ मध्ये आला. पुढे १९२९ च्या जानेवारीत ब्लॉक आणि फेव्र यांनी ‘आनाल’ हे आर्थिक व सामाजिक इतिहासाचे नियतकालिक सुरू केले. राजे, लढाया आणि तह यांपलीकडे जाऊन जमीन, किंमती, हवामान, मनोधारणा यांचा दीर्घकालीन इतिहास लिहिण्याची ही पद्धत विसाव्या शतकातील इतिहासलेखनाला मिळालेले सर्वांत मोठे वळण आहे, आणि भारतातील मध्ययुगीन कृषिव्यवस्थेचे अभ्यासकही तिचे ऋणी आहेत.

१९३० चे दशक : चुंबकत्व आणि बुर्बाकी

भौतिकशास्त्र संस्थेत पिएर वेस यांनी चुंबकत्वाच्या संशोधनाची शाळा उभी केली. त्यांचे शिष्य लुई नेएल यांनी १९३२ मध्ये येथे प्रबंध सादर केला आणि काही पदार्थांतील लगतचे अणू परस्परविरुद्ध दिशांना चुंबकित होऊन एकमेकांचा परिणाम खोडून काढतात, या प्रतिलोहचुंबकत्वाच्या सिद्धांताचा पाया घातला. या कामासाठी त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच दशकात आंरी कार्तां आणि आंद्रे वेय हे दोन तरुण गणिती येथे एकत्र शिकवत होते. कलनशास्त्रातील एक सूत्र विद्यार्थ्यांपुढे किती व्यापक स्वरूपात मांडावे, याबद्दल कार्तां सतत प्रश्न विचारत, आणि त्या प्रश्नांना एकदाचे कायमचे उत्तर देण्यासाठी काही मित्रांनी मिळून नवे पाठ्यपुस्तक लिहावे असे वेय यांनी सुचवले. त्यातून १९३४ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये पहिली बैठक झाली आणि ‘निकोला बुर्बाकी’ या टोपणनावाने लिहिणारा गणितज्ञांचा गट अस्तित्वात आला. सर्व गणित संचांच्या पायावर काटेकोरपणे पुन्हा रचण्याचा त्याचा प्रकल्प अनेक दशके चालला. या नावाचा गोव्याशी आणि पुण्याशी एक खरा धागा आहे. स्ट्रासबर्गला येण्यापूर्वी वेय १९३० ते १९३२ या काळात अलीगढ येथे प्राध्यापक होते आणि गोव्यातील कोसबेन येथे जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी तेथे त्यांचे सहकारी होते. वेय यांच्या सूचनेवरून कोसंबींनी एका शोधटिपणात ‘बुर्बाकी’ या काल्पनिक गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला दिला, आणि छापील गणिती लेखात हे नाव प्रथम आले ते तेथे. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या कोसंबींनी भारतीय इतिहासाची मांडणी करताना नाणी, गावे आणि शेतीची साधने यांना ग्रंथांइतकेच महत्त्व दिले. स्ट्रासबर्गमधील इतिहासकारांशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नसला, तरी दोघांच्या दृष्टीतील साम्य लक्षणीय आहे.

१९४० चे दशक : निर्वासन, संहार आणि पुनरागमन

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू होताच शहर रिकामे करण्यात आले आणि विद्यापीठ मध्य फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे हलवले गेले. आल्सास नाझी जर्मनीने गिळंकृत केल्यानंतरही तेथे अध्यापन आणि संशोधन चालूच राहिले आणि अनेक विद्यार्थी व अध्यापक प्रतिकार चळवळीत सामील झाले. २५ नोव्हेंबर १९४३ रोजी जर्मन पोलिसांनी विद्यापीठावर छापा घातला; पपायरसशास्त्राचे प्राध्यापक पोल कोलोम्प यांना जागीच गोळी घालण्यात आली आणि शंभराहून अधिक जणांची रवानगी छळछावण्यांत झाली. मार्क ब्लॉक यांना १६ जून १९४४ रोजी ल्यों शहराजवळ ठार मारण्यात आले. आल्ब्वाक्स यांचा मृत्यू मार्च १९४५ मध्ये बुखेनवाल्ड छावणीत झाला. हे दोघेही त्यापूर्वीच पॅरिसला गेले होते, तरी स्ट्रासबर्ग त्यांना आपलेच मानते.

इकडे रिकाम्या झालेल्या इमारतींत नाझी राजवटीने १९४१ ते १९४४ या काळात स्वतःचे विद्यापीठ चालवले. तेथील शरीररचनाशास्त्र संस्थेच्या प्रमुखाने वंशवादी ‘संग्रहा’साठी ८६ ज्यू स्त्री-पुरुषांची नाट्‌झवायलर छावणीत हत्या घडवून आणली. मूळ फ्रेंच विद्यापीठ त्या वेळी क्लेरमाँ-फेराँ येथे होते आणि या संस्थेशी त्याचे नाते नाही. असे असूनही विद्यापीठाने २०१६ मध्ये स्वतंत्र इतिहास-आयोग नेमून त्या काळाची छाननी करवली आणि त्याचा विस्तृत अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. एखाद्या संस्थेने आपल्या इमारतींत घडलेल्या अपराधाचा इतिहास इतक्या उघडपणे लिहून घ्यावा, याचे महत्त्व कोणत्याही वैज्ञानिक शोधापेक्षा कमी नाही.

युद्धानंतर विद्यापीठ परतले. शार्ल सादरों यांनी १९४७ मध्ये महारेणूंच्या भौतिकशास्त्राचे केंद्र सुरू केले. महारेणू म्हणजे हजारो लहान घटक एकामागून एक जोडून बनलेले लांबलचक रेणू. प्लास्टिक, रबर, कृत्रिम धागे ही त्यांचीच रूपे. हे केंद्र सीएनआरएस या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन संघटनेने चालवले आणि तेव्हापासून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत राष्ट्रीय संघटनेचे संशोधक आणि विद्यापीठाचे अध्यापक एकत्र काम करतात, ही व्यवस्था येथे रुजली.

१९५० आणि १९६० ची दशके

गणितात रने तोम यांनी सहसीमा सिद्धांत मांडला. दोन आकृती मिळून अधिक मितीच्या एखाद्या आकृतीची संपूर्ण कड बनवत असतील, जसे दोन वर्तुळे नळकांड्याची दोन टोके असतात, तर त्या सजातीय मानाव्यात, एवढ्या साध्या कल्पनेतून त्यांनी आकृतींचे वर्गीकरण करण्याचे समर्थ साधन घडवले आणि १९५८ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले. तत्त्वज्ञ पोल रिकर १९४८ ते १९५६ या काळात येथे शिकवत होते. बौद्धिक संपदेच्या अभ्यासाचे आंतरराष्ट्रीय केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. युरोप परिषद आणि मानवी हक्कांचे युरोपीय न्यायालय याच शहरात असल्याने कायद्याच्या संशोधनाला येथे आपोआपच आंतरराष्ट्रीय रूप आले. जीवरसायनात पिएर शांबों, जे. डी. वेल आणि पोल मांदेल यांनी १९६३ मध्ये पेशीतील ज्या विकरक्रियेची पहिली नोंद केली, तिच्यावर आधारलेली औषधे आज काही प्रकारच्या स्तन व बीजांडकोश कर्करोगांत वापरली जातात.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस झां-मारी लेन यांनी केलेले काम मात्र स्ट्रासबर्गच्या रसायनशास्त्राची ओळखच बनले. पेशींच्या पटलातून पोटॅशियमसारखे विद्युत्भारित आयन कसे निवडून आत-बाहेर सोडले जातात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी त्रिमितीय पिंजऱ्यासारखे रेणू बनवले. पिंजऱ्याच्या पोकळीचे माप एक-दोन घटक कमी-जास्त करून बदलता येते, आणि त्या मापाचा आयनच त्यात घट्ट बसतो; पोटॅशियमसाठी बनवलेला पिंजरा सोडियमला सहसा जवळ करत नाही. रेणूंच्या आतील बंधांऐवजी रेणूरेणूंमधील हलक्या आकर्षणाचा अभ्यास करणाऱ्या या शाखेला लेन यांनी ‘अधिरेणवीय रसायनशास्त्र’ या अर्थाचे नाव दिले. १९८७ चे नोबेल पारितोषिक त्यांना क्रॅम आणि पेडरसन यांच्यासह मिळाले.

१९७० चे दशक : तीन विद्यापीठे

१९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर फ्रान्समधील उच्च शिक्षणाची पुनर्रचना झाली. त्यानुसार १९७१ मध्ये विद्यापीठाचे विज्ञान व वैद्यक, मानव्यविद्या, आणि कायदा व राज्यशास्त्र अशा तीन विद्यापीठांत विभाजन झाले. ती पुढे अनुक्रमे लुई पाश्चर, मार्क ब्लॉक आणि रोबेर शुमान यांच्या नावांनी ओळखली गेली. या विभाजनाबद्दल वेगवेगळी मते होती. तथापि तिन्ही विद्यापीठांनी आपापल्या क्षेत्रात वेगाने प्रगती केली, हे मान्य करावे लागते. लुई पाश्चर विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष गी उरिसों हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. जुन्या गाळखडकांत सापडणारे होपेनॉइड नावाचे रेणू प्राचीन जीवाणूंच्या पटलांचे अवशेष आहेत, हे त्यांच्या गटाने दाखवले आणि खनिज तेलाच्या भूविज्ञानाला जीवशास्त्राशी जोडले. १९७७ मध्ये शांबों यांच्या प्रयोगशाळेने कोंबडीच्या अंड्यातील ओव्हाल्ब्युमिन या प्रथिनाचे जनुक सलग नसून तुकड्यांत विभागलेले असते, असे दाखवले. वेधशाळेत १९७२ मध्ये ताऱ्यांच्या माहितीचे केंद्र सुरू झाले. त्याचा उल्लेख पुढे येईल.

१९८० आणि १९९० ची दशके

लेन यांचे शिष्य झां-पिएर सोवाज यांनी १९८३ मध्ये साखळीच्या दोन कड्यांप्रमाणे एकमेकांत अडकलेली दोन रेणुवलये तयार करण्याची सुटसुटीत पद्धत शोधली. तांब्याचा एक आयन मध्ये ठेवला की एक वलय आणि एक अर्धचंद्राकृती तुकडा त्याच्याभोवती काटकोनात येऊन बसतात. मग त्या तुकड्याची टोके जोडून दुसरे वलय पूर्ण करायचे आणि शेवटी तांबे काढून घ्यायचे. उरतात ती रासायनिक बंधाविना एकमेकांत गुंतलेली वलये, आणि ती परस्परांभोवती फिरवता येतात. रेणुयंत्रांच्या या पायाभूत कामासाठी सोवाज २०१६ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

शांबों यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये शहराच्या दक्षिणेस इल्कीर्श येथे जनुकशास्त्र, रेणवीय आणि पेशीय जीवशास्त्राची मोठी संस्था सुरू झाली. झां-लुई मांदेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भंगुर-एक्स या बौद्धिक अक्षमतेच्या आनुवंशिक विकारामागील जनुकीय बदल १९९१ मध्ये, तर फ्रीड्राइख अटॅक्सिया या चेताविकाराचे जनुक १९९६ मध्ये उलगडण्यात मोलाचा वाटा उचलला. ज्यूल ऑफमान यांचा गट कीटक रोगांशी कसे झुंजतात, हे शोधत होता. फळमाशीच्या भ्रूणवाढीसाठी लागणारे टोल नावाचे जनुक बिघडले, तर त्या माशीला बुरशीचा प्रतिकारच करता येत नाही, असे त्यांना १९९६ मध्ये आढळले. बुरशीच्या तंतूंनी वेढलेल्या मृत माशीचे छायाचित्र तेव्हापासून रोगप्रतिकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिसते. तसेच जनुक माणसांतही असल्याचे लवकरच दिसून आले आणि ऑफमान २०११ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी झाले.

मानव्यविद्यांत या काळातील एक गोष्ट नोंदवायलाच हवी. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तमध्ये विकत घेतलेले पपायरसचे काही बारीक तुकडे नव्वद वर्षे ग्रंथालयात काचांमध्ये पडून होते. बेल्जियन अभ्यासक आलां मार्तां यांनी ते चिकाटीने जुळवले, तेव्हा ते इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ एंपेडोक्लीस याच्या काव्याचे असल्याचे निष्पन्न झाले. त्यांची आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या तत्त्वज्ञाचे वचन इतरांच्या अवतरणांतून नव्हे, तर थेट प्राचीन हस्तलिखितातून वाचायला मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

२००० नंतर : पुन्हा एक विद्यापीठ

लेन यांनी २००२ मध्ये स्थापन केलेली अधिरेणवीय विज्ञान व अभियांत्रिकी संस्था ही रसायन, भौतिकी आणि जीवशास्त्र यांच्या सीमेवर काम करते. सात सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील शल्यविशारदांनी यंत्रमानवाच्या साहाय्याने स्ट्रासबर्गच्या विद्यापीठ रुग्णालयातील रुग्णाचे पित्ताशय काढले. अटलांटिकपलीकडून झालेली ही पहिली शस्त्रक्रिया होती. तीन विद्यापीठांतील अध्यापक आणि प्रशासकांनी काही वर्षे सामूहिकपणे तयारी केली आणि १ जानेवारी २००९ रोजी फ्रान्समधील अशा अनेक एकीकरणांपैकी एक आरंभीचे एकीकरण येथे घडले. तिन्ही विद्यापीठे पुन्हा एकाच नावाखाली आली. वैज्ञानिक गुणवत्तेसाठी शासनाने दिलेला विशेष निधी २०१६ मध्ये कायम झाला. संगणकाच्या साहाय्याने रासायनिक क्रियांचे प्रतिमान बनवण्याबद्दल मार्टिन कारप्लस यांना २०१३ चे नोबेल मिळाले. ते हार्वर्डइतकेच स्ट्रासबर्गचेही होते.

सद्यःस्थिती

आज येथे पन्नास हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. बाझेल, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूह आणि म्युलूझ-कोल्मार येथील विद्यापीठांसह ‘युकोर’ या संघटनेद्वारे ऱ्हाइनच्या दोन्ही तीरांवर एकत्र अभ्यासक्रम आणि संशोधन चालते. ज्या नदीने दीर्घकाळ दोन राष्ट्रे विभागली, तिच्या खोऱ्यात आता एकाच विद्यार्थ्याचे नाव दोन देशांतील विद्यापीठांत नोंदवले जाते. आल्साससाठी कायम राहिलेल्या विशेष करारामुळे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही ईश्वरशास्त्र विद्याशाखा असलेले फ्रान्समधील हे एकमेव सार्वजनिक विद्यापीठ आहे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या खगोलीय माहिती-केंद्राच्या ‘सिंबाद’ या नोंदकोशात एक कोटीहून अधिक खगोलीय वस्तूंची माहिती कोणालाही विनामूल्य मिळते, आणि त्याच केंद्राच्या ‘व्हिझिएर’ या तारासूचीसंग्रहाची प्रतिकृती पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतही ठेवण्यात आली.

लॉयमान यांनी जमवलेली जैन हस्तलिखिते, ज्यांची तपशीलवार सूची चंद्रभाल त्रिपाठी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली, स्ट्रासबर्गच्या राष्ट्रीय व विद्यापीठ ग्रंथालयात सुरक्षित आहेत. महाराष्ट्रातील जैन भांडारांवर आणि महाराष्ट्री प्राकृतावर काम करणाऱ्या अभ्यासकांनी या संग्रहाचा आणि गोल्डश्मिट यांच्या ‘सेतुबंध’ आवृत्तीचा आपल्याकडील प्रतींशी ताळा करून पाहावा, आणि मराठी विद्यापीठांनी त्यासाठी दोन-चार तरुणांना तेथे पाठवावे, अशी विनंती या स्मरणिकेच्या निमित्ताने करावीशी वाटते.